पोटभर रडलो

माझ्या मानसशास्त्राच्या एम.ए.च्या प्रबंधाचा सगळा डोलारा तीन मिनिटांच्या एका क्लिपवर उभा होता. जुन्या सिनेमातला तुकडा: म्हातारी आई मुलाला एसटीत बसवते, गाडी सुटते आणि त्याच्यासाठी आणलेला डबा तिच्या हातातच राहतो. तो बघून माणसं उदास व्हायला हवीत, मग उदास मनाला कोणत्या आठवणी येतात ते मी तपासणार. बारामतीच्या कॉलेजातल्या माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, "कुणी उदास झालं नाही, तर विषय बदलायचा." म्हणजे अख्खं वर्ष पाण्यात!

म्हणून आधी चाचणी घ्यायला मी कळंबला लीलामावशीकडे गेले. तिनं समाजमंदिरात बायका गोळा केल्या. डबा दिसताच शेजारच्या भागूबाईंनी पदर डोळ्यांना लावला, आणि मग सगळ्याच हुंदके द्यायला लागल्या. मी मनातल्या मनात नाचले.

मग कागद वाटले. त्यावर रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे होते. आत्ता मन जसं आहे, तशा चेहऱ्यावर खूण करायची. कागद परत आले आणि माझं धाबं दणाणलं. झाडून सगळ्यांनी सगळ्यात हसरा चेहरा निवडला होता!

"अहो, आत्ता रडत होतात ना?" मी जवळजवळ ओरडलेच.

"व्हय की! पोटभर रडलो," भागूबाई नाक पुसत म्हणाल्या. "किती दिसांनी असं निवांत बसून रडाया मिळालं. पिक्चर झकास हाय, पर लई बारका."

सरांना फोन केला. "मग बदल विषय," एवढंच म्हणाले. मी पायरीवर येऊन बसले.

"तोंड का पाडलंस, मेघे?" मावशी बाहेर आली. "चल आत. बाया पुन्यांदा लाव म्हनत्यात."

ती क्लिप मी शेकडो वेळा पाहिली होती, पण आवाज आणि सेकंद तपासायला. या वेळी मावशी आणि भागूबाईंच्या मधे बसून पाहिली. डबा हातात राहिला आणि मी जी रडले! भागूबाईंनी आपल्या पदराचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

क्लिप संपली. मावशीनं चेहऱ्यांचा एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. "आता तू कर खूण. खरी कर."

मी पाचही चेहरे नीट पाहिले. मग सगळ्यात हसऱ्यावर खूण केली आणि सरांना पुन्हा फोन लावला.

"सर, बदलते विषय," मी नाक ओढत म्हणाले. "रडून खूश झालेली माणसं. चालेल?"

सर हसले. "पळेल. लिहून आण."

"त्यास्नी सांग," मागून भागूबाई ओरडल्या, "म्होरला पिक्चर मोठा धाडा!"