अर्थपूर्ण मौन

सकाळी मी वॉर्डातली नर्स आणि दुपारी संशोधक. पेशंटच्या 'अनुभवांवर' पीएच.डी. करायची म्हणजे काय थट्टा आहे का! आमच्या गाईड मॅडमनी बजावलं होतं, "मुलाखत घेताना तू नर्स नाहीस. गणवेश काढायचा, मध्ये तोंड घालायचं नाही. पेशंट गप्प बसला तर बसू द्यायचं. मौनातही माहिती असते." मॅडमनी शेवटचा पेशंट कधी पाहिला होता, हे विचारायची माझी काय टाप!

त्या दुपारी साध्या कपड्यांत, रेकॉर्डर लावून शिंपीकाकांच्या खाटेशी बसले. हर्नियाच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस. बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं, म्हणजे माझ्यासाठी घबाडच. मी हावरटासारखं विचारलं, "काका, आत्ता कसं वाटतंय?"

"छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटतंय हो बाई."

अहाहा! मी लगेच लिहिलं, 'दुःखाचे ओझे'. अख्ख्या प्रकरणाला नाव मिळालं की! हेच सकाळी कानावर पडलं असतं, तर ईसीजीचं मशीन ओढत धावत आले असते. पण दुपारी मी नर्स नव्हते ना!

"काकूंची आठवण येते?"

काका काहीच बोलेनात. मी लिहिलं, 'दीर्घ मौन, अर्थपूर्ण'. वर 'अर्थपूर्ण'खाली रेघ मारली. ते कपाळावरचा घाम पुसत होते, तेही इमानेइतबारे टिपलं.

तेवढ्यात फरशी पुसायला मावशी आल्या. काकांकडे बघताच हातातलं फडकं टाकून ओरडल्या, "अहो सिस्टर, लिहीत काय बसलाय! माणूस पांढराफटक पडलाय, बघा तरी!"

मग कसली मुलाखत नि कसलं काय! वही भिरकावली, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना हाका मारल्या. हार्ट अटॅक होता. काका वाचले, पण अगदी थोडक्यात.

मॅडमनी रेकॉर्डिंग ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "इतकं सुंदर मौन, आणि त्या बाईनं मध्येच तोडलं! हा भाग आता वापरता येणार नाही." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आठवड्यानं काकांची माफी मागायला गेले. तेच उलट मला समजावू लागले.

"तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? चूक माझीच. पुन्हा एकदा सांगायला हवं होतं. तुम्ही भराभर लिहून घेत होतात ना बाई, मला वाटलं ऐकताय."