दहावा नग

ट्रेमध्ये नळीसारखे पितळी बुश होते दोनशे चाळीस: बारा ओळी, प्रत्येकीत वीस. चंदनाच्या पायथन प्रोग्रामच्या यादीतही नोंदी दोनशे चाळीसच होत्या. तरी प्रोग्राम नवव्या नगापर्यंत नीट चालायचा आणि दहाव्यावर कोलमडायचा. पडद्यावर तीच तांबडी ओळ: याला 'व्यास' नावाचा गुणधर्म नाही.

असा कसा नाही? 'नग' हा क्लास, म्हणजे प्रत्येक नोंदीचा साचा, तिनेच लिहिला होता, तोही व्यास साठवायलाच.

फिजिक्सची पदवी घेऊन ती कानडी मुलखातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या या छोट्या कारखान्यात लागली, त्याला तीन महिने झाले होते. गेल्या आठवड्यात कंटाळून तिने चूक देणाऱ्या नोंदी सरळ वगळल्या. अहवालात नग भरले दोनशे सोळा, आणि गिऱ्हाइकाने माल परत पाठवला. आज चारला लॉरी निघणार होती. अहवाल पुन्हा चुकला तर सोमवारपासून पुन्हा हाताने लिहायची वही चालू आणि चंदना घरी, असं मालक प्रदीपकुमार सकाळीच सांगून गेले होते. आता तीन वाजले होते. डोळे चुरचुरत होते.

तिने दहावी नोंद नुसती छापून पाहिली. तो नग नव्हताच. यादीच्या आत आणखी एक यादी होती, तिच्यात दोन नग. विसावी नोंद तशीच, तिसावीही.

"अप्पा, दहाव्या नगाला तुम्ही करता काय?"

व्यास मोजायच्या गेजवर बसलेल्या अप्पासाहेबांनी मान वर केली नाही. "दोनदा मोजतो. चाळीस वर्षं मोजतोय."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस कुठं? कॉम्प्युटरला सगळं कळतं म्हणालीस."

"दोन मापं एकदम येतात ना, प्रोग्राम त्यांचं गाठोडं तसंच यादीत ठेवतो. गाठोड्याला कुठला आलाय व्यास?"

"मग सोड की गाठोडं."

"सोडलं तर चोवीस नग दोनदा धरले जातात, दोनशे चौसष्ट होतात. दुसरं माप टाकूनच देते."

"अगं, स्वल्प, जरा थांब!" आता मान वर झाली. "पहिलं माप नगाचं, दुसरं गेजचं. दोघांत पाच मायक्रॉनहून जास्त फरक आला की गेज बिघडलं समजायचं. माल अडवायचा."

चंदना पुन्हा कीबोर्डकडे वळली. मग तिने 'नग'मध्ये व्यासाशेजारी 'फेरमाप' जोडलं. जोडी आली की पहिलं माप व्यासात, दुसरं फेरमापात, आणि यादीत नग एकच. अकरा ओळी लिहिताना दोनदा कंस बंद करायचा राहिला. तीन चाळीसला प्रोग्राम शेवटपर्यंत चालला.

"सरी? जमलं?" अप्पासाहेबांनी विचारलं.

तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. नग दोनशे चाळीस, फेरमापं चोवीस. सर्वांत मोठा फरक तीन मायक्रॉन.