दिघोरीचा जावई

सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात आमचे हे, घनश्यामराव, विधानसभेच्या तयारीला लागले. तेव्हा ते पंचायत समितीचे सभापती होते. गावागावाचा कल आधी गुपचूप काढायचा आणि जिथं कमी पडतं तिथंच जीप फिरवायची, असा त्यांचा बेत होता. बेत चांगलाच होता. पण कल काढायला पाठवलं कोणाला, तर छातीवर बिल्ला लावलेल्या कार्यकर्त्यांना! दारी आलेल्या माणसाला आमच्याकडे कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. त्यांच्यातला तुलाराम रोज संध्याकाळी येऊन सांगायचा, "भाऊ, सारं आपलंच हाय." मला हसू यायचं.

दिघोरी हे माझं माहेर आणि मतांनी मोठं गाव. तिथं तर यांनी माणूसही धाडला नाही. "सासरवाडी पक्की हाय. दिवाळीत माहे पाय धुवाले सारं गाव लोटलं होतं," म्हणाले.

दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली, तशी मी माहेरी गेले. चुलीपाशी भावजयीला, रुखमाला, सरळच विचारलं. ती पोळी लाटत म्हणाली, "बाई, खोटं नाही बोलत. भाऊजीले इथं मत नाही पडत."

"काहून?"

"तलावाची पाळ फुटून दोन सालं झाले, अजून बांधली नाही. सभापती तेच. पण जावयाले कोन बोलन? आमी पाय धुतो, पाटावर बसवतो अन् गप राहतो. आमदार असा पायजे, ज्याले आपून झापू शकतो."

मला रुखमाचा राग आला नाही. माझ्या गावाला एवढी समज आहे, याचा अभिमानच वाटला. पण घरी सांगावं तर माहेराशी वाकडं येणार, न सांगावं तर निवडणूक हातची जाणार. मी सांगून टाकलं.

हे भडकले. "तुह्या भावानं पढवलं असन तुले."

"माह्या भावाचंही मत तुमाले नाही. तुलारामले पाठवा, तो सांगन सारं आपलंच."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. सकाळी उठून एवढंच म्हणाले, "चाल दिघोरीले."

चावडीपुढे माणसं जमली. माझा भाऊ ईश्वर पाट आणि पाण्याचा लोटा घेऊन आला. यांनी पाट बाजूला सारला आणि भुईवरच बसले. "आज जावई नाही आला, सभापती आला. बोला."

मग लग्नापासून यांच्यासमोर मान वर न केलेला ईश्वर म्हणाला, "पाळ फुटली तवा मी तुमच्या आफिसात आलो होतो. तुमी चहा पाजला अन् परत धाडलं." मग सगळेच सुटले. म्हाताऱ्या आनंदाबाईनं तर यांची अक्कलच काढली. हे कान लाल करून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "चुकलं माह्यं. पाळीचं काम आधी."

बायांमध्ये उभी राहून मी पाहत होते. या माणसाचा इतका अभिमान मला लग्नाच्या मांडवातही वाटला नव्हता.

निघताना कोणी नारळ दिला नाही, की कोणी जीपपर्यंत पोचवायला आलं नाही. गाव मागे पडल्यावर हे हळूच म्हणाले, "गेली का दिघोरी हातची?"

"आजवर तुमाले कोन्या गावानं इतकं झापलं?"

"नाही."

"मंग आली," मी म्हटलं.