गदा म्हणाल तर खबरदार

मित्रांनो, मी एक जुनी मोगरी आहे. कपडे धोपटायची, लाकडाची, चांगली हातभर लांब. मी गदा नाही. हे सुरुवातीलाच सांगते, कारण मधली काही वर्षं मला कुणी बोलूच दिलं नाही.

एका सुताराने मला घडवलं ते आपल्या बायकोसाठी. ती दवाखान्याच्या चादरी आणि दारोदारच्या तान्ह्या बाळांची दुपटी धुवायची. ती डावरी होती. रोज एकाच जागी टेकून टेकून तिच्या अंगठ्याने माझ्या मुठीवर एक खळी पाडली. चादरींवर ती मला दणादण आपटी, दुपट्यांवर मात्र हलकेच टेकवी. "बाळाच्या अंगाला लागायचंय ते," म्हणायची.

ती गेली, तेव्हा तिच्या लेकीने मला संग्रहालयात दिलं. "आईचं नाव तरी राहील," म्हणाली. पाटीवर तिच्या आईचं नाव लागलं. मी कोपऱ्यात धूळ खात पडले, पण माझी ओळख शाबूत होती.

मग एका मालिकेला गदा हवी होती. त्यांनी मला उसनी नेली, तांबडा रंग फासला, पत्र्याच्या चकत्या चिकटवल्या. एका मिशाळ नटाने मला गरागरा फिरवलं आणि शत्रू पटापट पडले. अहो, चादरीतला ढेकूण सोडला तर मी आयुष्यात कुणाला मारलं नाही! परत आले ती तशीच, रंगलेली. संग्रहालयाने रंग काढायचा सोडून पाटीच बदलली: 'सेनापतीची गदा'. रांगा लागल्या. माझ्या खळीकडे बोट दाखवून संग्रहालयवाले लोकांना सांगायचे, "ही बघा सेनापतीच्या अंगठ्याची खूण!" माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एके दिवशी लेक आली. ती आता आजी झाली होती. सोबत नात, नातीच्या कडेवर तान्हं. आजी काचेपुढे थबकली. शेजारी माझा आणि त्या नटाचा भलामोठा फोटो.

"अगं बाई! माझ्या आईला मिशा कधी फुटल्या?"

नात खुदकन हसली. आजी हसली नाही. ती तडक संग्रहालयाच्या प्रमुखांकडे गेली.

"आईचं नाव कुठे गेलं?"

"आजी, समजून घ्या हो. मोगरी बघायला कोण येतं? गदा म्हटलं की पोरं धावत येतात."

"मग खोटी गदा करून लावा की! खोट्या नावाला माझ्या आईची खरी वस्तू कशाला? ती परत द्या मला!"

"दिलेली वस्तू परत मागतात का?"

"नावासकट दिली होती. नाव तुम्ही टाकून दिलंत."

प्रमुखांनी किल्ल्या उचलल्या. त्यांनीच येऊन काच उघडली.

माझ्या जागी आता थर्मोकोलची गदा आहे. रांग तेवढीच आहे म्हणे. असू दे!

घरी आजीने नखाने एकेक चकती उपटली. नातीने मला नळाखाली घासघासून रंग काढला आणि लगेच बाळाचं दुपटं पुढ्यात ओढलं. मला डाव्या हातात धरलं. तिचा अंगठा अलगद खळीत बसला.

"आजी, ही माझ्यासाठीच केल्यासारखी आहे गं!"

आजीने नुसतं बाळाला छातीशी घट्ट धरलं.

तेव्हा मित्रांनो, संग्रहालयात जरूर जा, मालिकाही बघा. पण जुनी वस्तू दिसली की विचारा, ही खरंच कुणाच्या हातात होती? उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका. आणि तरीही मला कुणाला गदाच म्हणायचं असेल, तर खुशाल या इकडे नळावर. चादरी भरपूर पडल्यात.