भिंतीला लावलेला कान

"भाऊजी, आज जरा तोंड सांभाळून." चहाच्या टपरीवरच्या वहिनीने चहा ओतता ओतता डोळ्यांनीच रस्त्याकडे खूण केली. "तो बघा, आला. कार्यालयानं माणूस पेरलाय म्हणतात. जो गाइड खोटं सांगेल त्याचा बिल्ला जाणार."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

सगळे म्हणजे वहिनी आणि तिचा स्टोव्ह, हे मला ठाऊक होतं. तरी मी चहा अर्धाच टाकून उठलो. कारण प्रश्न खोट्याचा असेल, तर या डोंगरावर माझ्या तोडीचा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळाला नसता.

आमच्या डोंगराच्या खांद्यावर एक ध्यानकेंद्र आहे. शहरात बोलून बोलून दमलेली माणसं इथे आठ-दहा दिवस गप्प बसायला येतात. दुपारी तीन ते पाच त्यांना हिंडायची मोकळीक. फाटकावर फलक आहे : 'परिसरात पाहण्यासारखी सात ठिकाणे'. मला बिल्ला मिळाला तेव्हा ती तीन होती. बाकीची चार माझी. एक वाकडं झाड होतं, त्याला मी सहाशे वर्षांचं केलं. एक साधी दरी होती, तिच्यात राजाचा घोडा हरवला. कार्यालयाने ते सगळं फलकावर रंगवलं, पत्रकात छापलं, आणि पुढे पुढे मलाही ते खरं वाटायला लागलं.

यात माझा एकट्याचा दोष नाही. पाहुण्यांच्या गळ्यात 'मौन' असं लिहिलेली लाकडी पाटी असते. पाचची घंटा होईपर्यंत त्यांनी चकार शब्द काढायचा नाही. म्हणजे प्रश्न नाही, शंका नाही, 'काका, काहीतरीच काय!' नाही. असं गिऱ्हाईक मिळाल्यावर साधासुधा माणूसही बिघडेल. मी तर आधीच बिघडलेला.

हा पाहुणा चाळिशीचा. कोरे करकरीत बूट, हातात जुनी वही, खिशात पेन. न बोलणारी माणसं डोळ्यांनी फार बोलतात, असा माझा अनुभव आहे. हा डोळ्यांनीही गप्प होता. माझ्या बिल्ल्याकडे मात्र दोनदा बघितलं.

"चला साहेब," मी म्हटलं. 'साहेब' मुद्दामच म्हटलं. त्याने नाकारलं नाही. संशय पक्का झाला.

वाकड्या झाडापाशी मी सवयीने घसा खाकरला. सहाशे वर्षं अगदी ओठांवर आली होती, तेवढ्यात त्याने वही उघडली.

"हे झाड," मी म्हटलं, "वाकडं आहे."

त्याने ते लिहून घेतलं. झाड वाकडं आहे, यात लिहिण्यासारखं काय असतं? तपासनीसच असणार!

दरीपाशी घोड्याचं नावही काढलं नाही. "इथे हाक मारली की परत येते. सगळ्याच दऱ्यांत येते." त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं पंगतीत बसलेला माणूस रिकाम्या ताटाकडे बघतो. मी मान फिरवली. बिल्ला गेला तर या वयात मला दुसरं काय येतं? गुडघे गेले, दात निम्मे गेले. जीभ तेवढी शाबूत राहिली होती.

गुहेकडे उतरायच्या पायऱ्या लागल्या आणि हा बोटांवर मोजायला लागला. एरवी मी सांगतो : गुहेत राहणाऱ्या साधूने वर्षाला एक, अशा एकशे बारा पायऱ्या खोदल्या. खाली पोचल्यावर त्याने वहीची मागची पानं चाळली, एका ओळीवर बोट ठेवलं, वळून पायऱ्यांकडे बघितलं. मी मान लांब करून वाचलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'एकशे बारा'.

म्हणजे माझ्या जुन्या थापाही टिपून ठेवल्या होत्या!

"शहाऐंशी आहेत," मी हात जोडूनच टाकले. "वडिलांनी आणि मी खोदल्या. साधूबिधू कुणी नव्हता, साहेब."

गुहा हे माझं सातवं ठिकाण, आणि सगळ्यांत लाडकं. त्याची गोष्ट अशी, की एका साधूने आयुष्यात एकच वाक्य बोलायचं ठरवलं होतं. ते जपता जपता तो म्हातारा झाला आणि शेवटी या भिंतीला सांगून मोकळा झाला. भिंतीला कान लावला की ते ऐकू येतं, ज्याचं त्याला.

तो पाहुणा भिंतीपाशी गेला. वही छातीशी धरली, डोळे मिटले, कान लावायला वाकला. आता हा भिंतीतून काही ऐकू येत नाही असं लिहिणार, किंवा काय ऐकू येतं ते शोधून काढणार. त्याआधी आपणच कबूल केलेलं बरं!

"पाण्याचा आवाज आहे तो," मी घाईघाईने म्हटलं. "वर टाकी आहे. भिंतीमागच्या कपारीतून पाइप खाली केंद्रात जातो. आम्हीच टाकलाय. बाकी काही नाही."

तो वाकलेला तसाच थांबला. मग हळूहळू सरळ झाला. भिंतीला कान न लावताच.

केंद्रात पाचची घंटा झाली. त्याने गळ्यातली पाटी काढली. आता निकाल, असं म्हणून मी बिल्ल्यावर हात ठेवला.

"तर ते पाणी होतं," तो म्हणाला. दिवसभराचा गंज बसलेला आवाज.

"चुकलो, साहेब. या वयात बिल्ला काढून घेऊ नका."

"कसला बिल्ला? काका, ही माझ्या आईची वही आहे. ती नऊ वर्षांपूर्वी इथे येऊन गेली. तुमचं झाड, घोडा, साधू, सगळं लिहून ठेवलंय तिनं. मला वाटलं, तुमच्याच तोंडून ऐकावं. पण तुम्ही तर नुसतं झाड वाकडं आहे म्हणालात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आणि आई?"

"चैत्र गेला, वैशाख गेला, सगळा उन्हाळा अंथरुणावर होती. शेवटी शेवटी म्हणायची, खोलीतला नळ सुरू ठेव. मी बंद करायचो. ती म्हणायची, अरे, ऐकू येतंय मला. आम्हाला वाटलं, भ्रम झालाय." तो भिंतीकडे बघत राहिला. "मी दर वेळी उठून नळ बंद केला, काका."

मग त्याने वाकून भिंतीला कान लावला. बराच वेळ.

"काहीच नाही," तो म्हणाला.

कसं असणार? पाचच्या घंटेला टाकीचा व्हॉल्व्ह बंद होतो. पाणीवाला घड्याळाला पक्का.

"साधूचं असंच आहे," मी म्हटलं. माझी जीभ ठिकाणावर आली होती. "संध्याकाळचा जरा उशिरा बोलतो. कान काढू नका. मी आलोच."

"तुम्ही कुठे चाललात?"

"वाट मोकळी करायला."

शहाऐंशी पायऱ्या, त्यावर टाकीची चढण. गुडघ्यांनी आईबाप काढले. पाणीवाला खाली निघून गेला होता. व्हॉल्व्हचं चाक दोन्ही हातांनी फिरवलं, आणि पाइपावर तळहात ठेवून बसलो. आधी थंड लोखंड. मग आतून काहीतरी थरथरत, गुरगुरत खाली निघालं. खाली काय ऐकू आलं ते मी विचारलं नाही. अंधार पडेपर्यंत तो वर आला नाही, आणि मीही चाक उलटं फिरवलं नाही.

रात्रभर पाणी केंद्राच्या बागेत वाहून टाकी कोरडी पडली, सकाळी केंद्रात आंघोळीला थेंब नव्हता. साठ माणसं बादल्या घेऊन उभी. मौनात असल्यामुळे शिव्याही देता येईनात. टाकीवरून उतरताना मला पाणीवाल्याने बघितलं होतं.

"काका, तीस वर्षांत तुमची एक तक्रार नाही," मॅनेजर म्हणाला. वयाने माझ्या धाकट्या मुलाएवढा. "आणि हे काय? व्हॉल्व्ह का उघडलात? काहीतरी सांगा. गळती होती म्हणा, चुकून झालं म्हणा. मी लिहून घेतो."

त्याने पेन उघडून धरलं. टेबलामागे सात ठिकाणांचं पत्रक चिकटवलेलं होतं. त्याला हवी तशी चार-पाच कारणं माझ्या जिभेवर तयार होती. एकाहून एक सरस. त्यातल्या दोनांत तर वीजही पडत होती.

मी पेनाचं टोपण उचलून त्याच्यापुढे ठेवलं.

बिल्ला काढला. कुणाला टोचू नये म्हणून त्याची पिन नीट बंद केली, आणि तो टेबलावर ठेवला.