बशीवरची काजळी

त्या दिवशी कॉलेजच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांच्या गजांनाही माणसं लटकली होती. व्यासपीठावर हिरवाबाबा, आणि त्याच्यापुढे शेवाळाच्या पाण्याने भरलेली काचेची बरणी. बाबाने चिमूटभर मंतरलेली राख पाण्यात टाकली, पाणी फसफसताच नळी बसवलेलं झाकण घट्ट लावलं, भोवती अत्तर शिंपडलं आणि नळीच्या टोकाशी काडी धरली. वीतभर ज्वाळा उठली. माझ्या शेजारच्या बाईंनी हात जोडून डोळेच मिटून घेतले. ज्वाळा बघायला आल्या होत्या, तीच त्यांना दिसली नाही.

शेवाळात प्राण, प्राणात सूर्य, आणि सूर्य आपल्या शब्दाबाहेर नाही, असं बाबा सांगत होता. आता घरोघरी चुली पाण्यावर पेटणार होत्या.

माझी आत्या त्याच कॉलेजात शिकवायची. मागच्या शेडमध्ये ती कित्येक वर्षं शेवाळ वाढवत होती. शेवाळाला गंधक मिळू न देता हवाबंद बाटलीत उजेडात ठेवलं, तर ते हायड्रोजन सोडतं. तो जळतो, पण निघतो अगदी थोडा. बुडबुडा आला की आत्याला पाहुणा आल्यासारखं व्हायचं. तीच शेड प्राचार्य आता बाबाला देणार होते. तुमचं नुसतं बुडबुड्यांवरच चाललंय, असं त्यांनी तिला सुनावलं होतं.

आत्या उठून व्यासपीठावर गेली. हातात घरच्या दोन पांढऱ्या बश्या.

"महाराज, ही जरा ज्वाळेवर धरू?"

"धरा, माते. आशीर्वाद मिळेल."

मिळाला. बशी काळीकुट्ट झाली.

मग तिने पिशवीतून रबरी फुगा काढला. त्यात तिच्या बाटल्यांतून साठवलेला वायू होता. त्याच्या नळीशी काडी लावली, तर ज्वाळा दिसेचना. बाई, पेटलं की विझलं, असं मागून कुणीतरी विचारलं आणि हशा पिकला. आत्याने दुसरी बशी वर धरली. ती काळी झाली नाही. तिच्यावर दव धरलं आणि एक थेंब घरंगळला.

"हायड्रोजन जळला की पाणी होतं," ती म्हणाली. "काजळी धरतो तो वायू वेगळा."

बाबाने राखेची डबी मांडीखाली सरकवली. पहिल्या रांगेतल्या मुलींनी ती ओढून काढली. आत्याने त्यातली चिमूट नळाच्या साध्या पाण्यात टाकली. तोच फसफसाट, आता अत्तराविना उग्र वास, आणि काडी लावताच तशीच धुरकट ज्वाळा. शेवाळ नाही, मंत्र नाही. ती राख म्हणजे वेल्डिंगवाल्यांकडचं कार्बाइड होतं. वास लपवायला अत्तर होतंच.

प्राचार्य तरीही अडून बसले. "पण बाई, तुमची ज्वाळा एवढीशीच का?"

"कारण मला अजून एवढंच जमलंय," आत्या म्हणाली. "जास्त जमेल तेव्हा जास्त दाखवीन. शेड मी सोडणार नाही."

तिने ती सोडलीही नाही. शेवटपर्यंत.

आता आत्या नाही. पाण्यावर गाडी चालवणारे नवे बाबा मला फोनवर रोज दिसतात. ती काळी बशी मी अजून घासलेली नाही. कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडू नका. हातात बशी घ्या, आणि डोळे उघडे ठेवा.