तहानलेली घरं

ऊसतोडीला गेलेलं गाव ज्यानं पाहिलं नाही, त्याला ते सांगून पटायचं नाही. शेवगावच्या पूर्वेला खडकाळ माळावर ही वाडी. दिवाळी सरली की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या येतात. त्यांत माणसं, भांडी, कोंबड्या, तान्ही पोरं चढतात आणि देवळाली प्रवराकडच्या पाण्याच्या मुलखात निघून जातात. मागं उरतात म्हातारी माणसं आणि शाळेत नाव असलेली थोडी पोरं. दारोदार कुलपं. भर दुपारी गल्लीतून चाललं की आपल्याच चपलांचा आवाज भिंतीवर आपटून मागून येतो आणि माणूस उगाच वळून बघतो.

डॉक्टर जया गर्जे वळून बघणाऱ्यांतली नव्हती. ती ह्याच वाडीची. आईबाप लहानपणीच गेले, रंगुबाई काकीनं वाढवलं, शिकवलं. शिकून ती इतकी लांब गेली, की ती नक्की काय करते हे वाडीला कधी नीट उमगलंच नाही. लाल समुद्राकाठच्या एका लहानशा देशात डासांमुळं होणाऱ्या आजारांविरुद्ध अख्ख्या देशाचा कार्यक्रम ती चालवत होती. तिथले मंत्रीसुद्धा तिला वचकून असत. एका मंत्र्याच्या बंगल्यातल्या कारंज्यात अळ्या सापडल्या, तेव्हा तिनं ते कारंजं त्याच्या डोळ्यांदेखत उपसायला लावलं होतं. वाडीत काकी कौतुकानं सांगायची, "आमची जया तिकडं डास मारती." त्यावर ऐकणारे म्हणायचे, "मंग हिकडं काय कमी हायेत?"

ह्या खेपेला माघात ती सुट्टीवर आली, ती थेट तापाच्या घरात. काकीची नात सृष्टी, वय वर्षं आठ, फणफणली होती. तिचे आईबाप, म्हणजे काकीचा मुलगा अमृत आणि सून, उसाच्या फडात. गल्लीत आणखी दोन पोरं अंथरुणाला खिळलेली. म्हातारी बनुबाई तर ह्याच तापानं नुकतीच गेली होती. तिच्या मुलानं फडातून येऊन अग्नी दिला, दार ओढून घेतलं आणि तो पुन्हा कामावर गेला.

जयानं पोरीच्या अंगावरचे बारीक लाल ठिपके पाहिले, हिरड्यांतून आलेलं रक्त पाहिलं. डेंगी. हा आजार तिच्या ओळखीचा होता, पण आकड्यांतून. आपल्या माणसाच्या तोंडात तो तिनं कधी पाहिला नव्हता.

"आरोग्य खात्याची माणसं आली नाहीत का, काकी?"

"आल्ती की. धूर मारून गेली."

"घरांत?"

दारांवर खडूनं लिहिलेलं जयानं येतानाच पाहिलं होतं. घर बंद, घर बंद, पुन्हा घर बंद. आणि त्या सगळ्या घरांच्या किल्ल्यांचा जुडगा काकीच्या कमरेला लटकत होता.

वाडीचा तसा रिवाजच होता. तोडीला जाताना प्रत्येक घर एक माठ काठोकाठ भरून ठेवायचं. झाकण किंचित तिरकं, घराला पिता यावं म्हणून. तो माठ आटू द्यायचा नाही. मागं राहिलेल्यांपैकी एका बाईनं किल्ल्या सांभाळायच्या आणि पाणी खाली गेलं की भर घालायची. घर तहानलं तर त्या घरचं माणूस माघारी येत नाही, असं वाडी पिढ्यान्‌पिढ्या मानत आली होती. आरोग्य खात्याच्या पोरांना किल्ल्या दिल्या तर ते माठ ओतणार, हे काकीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून किल्ल्या मालकांबरोबर गेल्यात असं ठोकून देऊन तिनं त्यांना वाटेला लावलं होतं.

जयानं कपाळाला हात लावला. बंद घर, गारवा, स्वच्छ पाणी आणि वर उघडं झाकण. डासांना ह्याहून लाडाचं माहेर शोधून सापडलं नसतं.

"काकी, किल्ल्या दे."

"न्हाई."

"अगं, ताप त्या माठांतूनच येतोय. बनुबाई त्यानंच गेली."

"आन् फडातली मानसं? ट्रॉल्या उलटत्यात, साप चावतोय, कोयता पायावर पडतोय. तरी दरसाली आमची समदी माघारी येत्यात. कशापायी येत्यात, सांग की."

जयाच्या त्या देशात अशा वेळी कायदा असायचा, सरकारी शिक्का असायचा. इथं समोर काकी होती, जिनं तिच्या वेण्या घातल्या होत्या.

एवढ्यात शेजारगावच्या आबासाहेबांचा बोलावलेला टेम्पो दाराशी लागला. सृष्टीला शेवगावच्या दवाखान्यात न्यायचं होतं. काकीनं पोरीला खांद्यावर घेतलं, तशी तिच्या नाकातून रक्ताची धार लागली आणि काकीचा पदर भिजला. काकीनं त्या पदराकडं बघितलं. मग कमरेचा जुडगा सोडून जयाच्या मुठीत कोंबला.

"घे बाई. वत समदं. बाकीच्यांची मानसं देवळालीलाच हायेत, म्या फोन करून इचारत ऱ्हाईन. पर तुझ्या बाचं घर तेवढं सोड."

"आमच्या घरातही माठ आहे?"

"तू गेलीस त्या दिसापास्नं. तू समुद्राच्या पल्याड, जये. तुला माघारी आनायला माझ्याकडं दुसरं काय हाय?"

जयाला गलबलून आलं. "बरं, सोडते," ती म्हणाली.

टेम्पोत बसता बसता काकी म्हणाली, "तू डाक्टर हायस, संगं चल की."

"तिथं सलाईन लावणारे आहेत, काकी. इथलं काम मलाच करायला हवं."

हे खरंच होतं, तरी बोलताना तिला लाज वाटली. कित्येक वर्षांत तिनं कुणाची नाडी धरली नव्हती. तिची डॉक्टरकी नकाशांवर चालायची.

टेम्पो दिसेनासा झाला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. जयानं पहिलं कुलूप काढलं ते तोडीला गेलेल्या कानिफनाथाच्या घराचं. दार ढकललं, तसा आतून ओला, गार वारा अंगावर आला. आत्ताच कुणीतरी तोंड धुऊन आत गेलंय असं वाटावं, असा. कोपऱ्यात माठ होता. मोबाईलचा उजेड पाडला, तर आतलं पाणी अळ्यांनी वळवळत होतं आणि काठापासून वीतभर खाली गेलं होतं. मातीचा माठ पाझरायचाच, तिनं स्वतःला बजावलं. तिनं तो उंबऱ्याबाहेर ओढला, अंगणात ओतला, काथ्यानं आतून खसाखसा घासला. नुसतं ओतून भागत नाही. काठाला चिकटलेली अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. मग माठ दाराशी पालथा घातला. पाणी मातीत तात्काळ जिरलं, ओलसुद्धा मागं राहिली नाही. खरंच तहान होती की काय, असं तिच्या मनात आलं आणि तिचा तिलाच राग आला.

शेजारचं घर पुष्पावतीचं. त्याचं कुलूप गंजलं होतं, किल्ली फिरेना. ते तसंच ठेवून ती पुढं अश्विनीच्या घरात गेली, तिथून धनश्रीच्या. धनश्रीच्या घरात माठ ओढताना आतल्या खोलीतून आवाज आला. घटाघटा पाणी पिण्याचा. जया थबकली. आवाजही थांबला. तिनं आत जाऊन पाहिलं. गुंडाळलेली अंथरुणं, उतरंड, खुंटीवर एक परकर. बाकी काही नाही. ती मुद्दाम मोठ्यानं खोकली आणि पुन्हा माठाला भिडली.

बाहेर माठ पालथा घालते न घालते तोच फोन वाजला.

"सलाईन लावलीया," काकी म्हणाली. "अमृत बी आलाय फडावरनं. पर पोरगी पानी पानी करतीय गं. तांब्यावर तांब्या रिकामा करतीय, तहान भागंना."

"पिऊ दे, काकी. पाणी चांगलंच आहे तिला."

"आन् बरळतीय. आदी म्हनली, कानिफनाथाच्या घराला तहान लागली. मंग म्हनली अश्विनीच्या. आत्ता म्हनती, धनश्रीच्या घराला लागली. मधी पुष्पावतीचं घर का गं सोडलंस?"

"कुलूप गंजलंय," जया म्हणाली. मग एकदम तिच्या लक्षात आलं. "काकी, मी ते सोडलं हे तुला कुणी सांगितलं?"

"पोरीनंच. म्हनली, पुष्पावतीकडं आजून पानी हाय."

फोन ठेवून जयानं स्वतःची समजूत घातली. ताप डोक्यात चढला की पोरं काहीही बोलतात. आजीच्या मागं मागं माठ भरत फिरलेली पोर, तिला घरं पाठच असणार. हे सगळं ठीक होतं. गंजलेल्या कुलपाचं मात्र तिला कुठंच बसवता येईना. शेवटी तिनं दगड उचलला, ते कुलूप तोडलं आणि पुष्पावतीचा माठ ओतला. पदर खोचून ती घरामागून घर करत सुटली. आता प्रत्येक घरात तो आवाज येत होता. तिनं वळून बघायचं सोडून दिलं, कारण वळून बघितल्यावर काही न दिसणं जास्त भीतीचं होतं.

उन्हं कलायला लागली तेव्हा अख्ख्या गल्लीत दारोदार पालथे माठ दिसत होते. पुन्हा फोन आला. काकीचा आवाज फाटला होता.

"एकच घर ऱ्हायलं म्हनती. दुसरं कायबी बोलंना. डाक्टर म्हनत्यात, रक्तातल्या पेशी लईच उतरल्यात. जये, तू तुझं घर सोडलंयस न्हवं?"

"सोडलंय."

"मंग सोडच. पोर काय, बरळतीय."

जया आपल्या बापाच्या ओट्यावर बसली. हाताखालच्या माणसांना ती वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत आली होती. गावातला एक माठ वगळला, की सगळं गाव वगळल्यासारखंच. स्वतःच्या आईचा माठ वगळणाऱ्या एका कामगाराला तिनं नोकरीवरून काढलं होतं. तो खूप रडला होता. तेव्हा तिला त्याचं रडणं अडाणीपणाचं वाटलं होतं.

आता तिला भीती वाटत होती. पुढच्या वर्षी निवृत्त होऊन इथंच यायचं, हे घर शाकारायचं, काकीजवळ राहायचं, हे तिनं मनाशी ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. काकीचं म्हणणं खोटं आहे, हे तिला माहीत होतं. तरी दोनदा उठून ती पुन्हा ओट्यावर बसली. मग तिनं कुलपाला किल्ली लावली.

घर लख्ख होतं. जमीन नुकतीच सारवलेली. आई जिथं माठ ठेवायची, तिथंच माठ होता. इतर घरांतलं पाणी खाली गेलेलं. हा मात्र काठोकाठ. ह्या घरात कुणी प्यायलंच नव्हतं. अळ्या मात्र होत्या, सगळ्यांत जास्त. तिनं माठाला हात घातला, तर तो हलेना. पलीकडून कुणीतरी कवेत धरून बसावं, तसा घट्ट. जयानं अंगातला सगळा जोर लावला. मग ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "सोड गं आई. पोरगी मरंल." कित्येक वर्षांनी तिच्या तोंडात वाडीची बोली आली होती.

माठ हलका झाला. तिनं तो बाहेर नेला, ओतला, घासला आणि पालथा घातला.

फोन लगेच वाजला. "निजली गं पोर!" काकी हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. "घाम सुटलाय. तांब्या पुढं केला, तर ढकलला. म्हनली, आता आत्या पील. आन् डोळं मिटलं."

जयाच्या घशाला कोरड पडली होती. दिवसभर उन्हात राबल्यावर ती पडणारच. ती हापशावर गेली, ओंजळ लावून प्यायली. पुन्हा प्यायली. पोट टच्च फुगलं, तरी घसा तसाच राहिला.

सृष्टी बरी होऊन घरी आली. ती दोन पोरंही उठून हिंडायला लागली. त्यानंतर वाडीत नवा ताप आला नाही. काकीनं ओट्यावरचा पालथा माठ पाहिला. जयाला निरोप देताना तिनं नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवला. जया आपल्या कामावर परत गेली. तिथं तिनं रक्त तपासलं, साखर तपासली, मूत्रपिंडं तपासली. सगळं ठणठणीत निघालं. तहान मात्र हटली नाही. वाडीतल्या सगळ्या घरांची तहान आपल्याच घशात येऊन बसलीय, असं तिला वाटे. टेबलावर, उशाशी, गाडीत, जिथं तिथं ती पाण्याची बाटली ठेवू लागली.

पाडव्याच्या सुमाराला काकीचा फोन आला. मागं ट्रॉल्यांचा गोंगाट होता, पोरांचा कालवा होता.

"समदी आली गं! एक मानूस कमी न्हाई. तूच खरी निगालीस बघ. म्हातारीचं ऐकलं अस्तं, तर पोर गेली अस्ती."

"चांगलं झालं, काकी."

मग काकी आवाज खाली आणून म्हणाली, "जये, आता ताप न्हाई गावात. तुझ्या घरात भरून ठिवू का माठ? तेवढा एकच. झाकन तिरकं ठिवावं लागंल पर. तू सांगशील तसं करते. तू न्हाई म्हनलीस, तर न्हाई भरनार."

मागं सृष्टी कुणाशी तरी भांडत होती. तिचा आवाज खणखणीत होता. जयानं तो ऐकून घेतला. आपण 'भर' म्हणावं, असं तिला फार, फार वाटलं.

"नको काकी," ती म्हणाली. "पालथाच राहू दे."

"मंग तू?"

"येईन की."

ते खोटं होतं, आणि दोघींनाही ते कळलं. तिकडं काकी हुंदके देत राहिली, आणि फोन कानाला धरून जया पाणी पीत राहिली.